जुन्या साइटच्या सीएसएसमधले न वापरलेले नियम कसे शोधायचे? (वर्डप्रेस, बूटस्ट्रॅप ३)

अर्धाचंद्र

नमस्कार मंडळी. एका मराठी मासिकाची साइट सांभाळायला माझ्याकडे आलीये. वर्डप्रेस आहे, थीम २०१४ च्या आसपास कोणीतरी बूटस्ट्रॅप ३ (तयार सीएसएसचा संच) वर हाताने बनवलेली. त्यानंतर तिला दोन-तीन जणांचे हात लागलेत आणि प्रत्येकाने आधीच्याचं काहीही न काढता आपली फाइल खाली जोडून दिलीये. म्हणजे बघा, बूटस्ट्रॅपची फाइल, मग स्टाइल, मग कस्टम, मग कस्टम-न्यू, मग कस्टम-न्यू-फायनल (हो, खरंच हे नाव आहे), शिवाय स्लायडर प्लगइनची वेगळी फाइल आणि तो स्लायडर आता साइटवर कुठेच दिसत नाही. सगळं मिळून चारशे केबीच्या वर जातंय.

पेजस्पीडवर (गूगलचं वेग तपासायचं टूल) टाकली की दरवेळी तेच रडगाणं, न वापरलेलं सीएसएस कमी करा. क्रोमच्या कव्हरेजमध्ये (किती सीएसएस वापरलं जातं ते दाखवणारी खिडकी) मुख्य पानावर नव्वद टक्क्यांच्या पुढे लाल पट्टा, म्हणजे न वापरलेलं. म्हणून एका ऑनलाइन टूलला साइटचा पत्ता दिला, त्याने एवढीशी फाइल करून दिली, ती स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) चढवून बघितली तर मुख्य पान झकास, पण मोबाइलवर मेनूचं बटन दाबलं की ढिम्म काही उघडत नाही आणि लेखांमधले फोटो, जे मजकुराच्या डावी-उजवीकडे बसायचे, ते सगळे एकाखाली एक येऊन पडलेत.

आता प्रश्न असा की कुठला नियम खरंच मेलाय आणि कुठला नुसता दिसत नाहीये हे ओळखायचं कसं? भरवशाची काही पद्धत आहे का, की एकेक सिलेक्टर (नियम कशाला लागायचा ते सांगणारा भाग) घेऊन हाताने शोधत बसायचं? संपादक मंडळींचं म्हणणं साइट हळू आहे आणि दिवाळी अंकाची नोंदणी उघडायच्या आत काहीतरी करा.

---

जावईशोध

मेनूचं कारण सोपं आहे. बूटस्ट्रॅप ३ मध्ये मोबाइलचा मेनू 'कोलॅप्स' या क्लासने लपवलेला असतो आणि बटन दाबलं की जावास्क्रिप्ट त्याच्यावर 'इन' हा दुसरा क्लास चढवते, मधल्या क्षणी उघडताना 'कोलॅप्सिंग' पण येऊन जातो. 'कोलॅप्स' आणि 'इन' दोन्ही एकत्र असतील तर दाखव, असा नियम फाइलमध्ये असतो. आता त्या टूलने काय केलं, तुमचं पान उघडलं, कुठलंही बटन न दाबता नुसतं बघितलं, त्याला 'इन' लावलेला मेनू कुठे दिसलाच नाही, मग दाखवायचा नियम उडवला आणि लपवायचा ठेवला. झालं, मेनू कायमचा बंद. मोडल (पानावर उघडणारी चौकट) असेल तर त्याचंही हेच होणार, मागचा काळा पडदा 'मोडल-बॅकड्रॉप' एचटीएमएलमध्ये नसतोच, तो उघडताना जन्माला येतो.

फोटोंचं वेगळं. 'अलाइनलेफ्ट', 'अलाइनराइट' हे क्लास थीमच्या फायलींमध्ये शोधलेत तर कदाचित सापडणारही नाहीत, ते लेखाच्या मजकुरात, म्हणजे डेटाबेसमध्ये बसलेले असतात. तुम्ही टूलला फक्त मुख्य पानाचा पत्ता दिलात, तिथे लेख नाही, म्हणून ते पण गेले.

तेव्हा पहिली गोष्ट ही की यातलं कुठलंच टूल 'हा नियम साइटवर कुठेच लागत नाही' असं सांगत नाही. ते फक्त सांगतं की मी बघितलं तिथे, तेव्हा, लागला नाही. कुठे बघायचं हे तुम्ही ठरवणार. पूर्वी फायरफॉक्सला डस्ट-मी सिलेक्टर्स नावाचं एक्स्टेंशन होतं, ते अख्खी साइट फिरून यायचं आणि मगच यादी द्यायचं, २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स बंद झाली तेव्हापासून मी नाही वापरलेलं. पण कल्पना बरोबर होती, एका पानावरून निकाल लावायचा नाही.

---

थंडगार_कॅश

एक मिनिट. काढायच्या आधी मोजलंत का? बूटस्ट्रॅप ३ ची मिनिफाय केलेली फाइल साधारण १२० केबी, जीझिप होऊन (सर्व्हरने दाबून लहान करून) जाते तेव्हा २० केबीच्या आसपास. तुमचे चारशे केबी सर्व्हरवर जीझिप चालू असेल तर तारेवरून बरेच कमी जात असणार, आणि चालू नसेल तर आधी ते चालू करा, पाच मिनिटांचं काम आणि मोडणार काहीच नाही.

आणि मुख्य पानावर मुखपृष्ठाचा फोटो केवढा आहे ते सांगाल का? मासिकाच्या साइट्स मी बघितल्यात, छापायला पाठवलेलं मुखपृष्ठ जसंच्या तसं चढवलेलं असतं, दोन-तीन एमबीचं, आणि लोक सीएसएसच्या मागे लागलेले असतात. तो पेजस्पीडचा लाल आकडा बघून घाबरायचं नाही, त्या यादीत वरून खाली काय काय आहे ते बघायचं.

सीएसएस पान रंगवायच्या आधी यावं लागतं, ब्राउजर त्याच्यासाठी थांबून राहतो, त्यामुळे फरक पडतो हे मान्य. पण तुमच्या केसमध्ये खरी कटकट वेगाची नसावी, पाच फायली एकमेकींवर चढलेल्या असताना काहीही बदलायला गेलं की दुसरीकडे काय हलेल हे कोणालाच माहीत नसतं, ही आहे. ते कारण असेल तर जरूर साफ करा.

---

अर्धाचंद्र

@थंडगार_कॅश बघितलं. जीझिप चालू होतं. मुखपृष्ठ १.८ एमबी निघालं, हसू नका. ते छोटं करून टाकलं, संपादक आत्ताच खूश आहेत. पण तुम्ही म्हणता तेच, मला या पाच फायलींचा निकाल लावायचाच आहे, परवा एका लेखाच्या शीर्षकाचा रंग बदलायला गेलो तर वर्गणीच्या पानावरचं बटन निळं झालं.

---

बॅकएंडवाली

मी अशा दोन-तीन साइट्स उपसल्यात, माझा क्रम सांगते, पटला तर घ्या.

कव्हरेज वाईट नाही, ते नीट वापरलं जात नाही एवढंच. २०१७ मध्ये क्रोम ५९ बरोबर आलं. डेव्हटूल्स (ब्राउजरमधली तपासणीची खिडकी) उघडून तिथे कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'कव्हरेज' टाइप करा, रेकॉर्ड चालू करा आणि मग पान नुसतं बघू नका, वापरा. मेनू उघडा, खिडकी मोबाइलएवढी बारीक करा, बटनांवर माउस न्या, फॉर्म रिकामा पाठवून लाल चुका येऊ द्या, शोधात काहीतरी भलतंच टाकून 'काही सापडलं नाही' वालं पान आणा. प्रत्येक हालचालीला लाल कमी होत जातं ते समोर दिसतं. लॉगिन करून पण बघा कारण लॉगिन असताना वर्डप्रेस बॉडीवर वेगळे क्लास टाकतं. आणि ४०४ चं पान, ते तर सगळेच विसरतात.

अडचण अशी की दुसऱ्या पानावर गेलं की मोजणी परत पहिल्यापासून. मग दहा-बारा प्रकारच्या पानांचं एकत्र चित्र हवं असेल तर पपेटीअरने (क्रोम स्क्रिप्टमधून चालवायचं टूल) छोटी स्क्रिप्ट लिहायची, त्यात सीएसएस कव्हरेज सुरू करताना नेव्हिगेशनवर (दुसऱ्या पानावर गेल्यावर) रीसेट कर असा पर्याय असतो, तो बंद (फॉल्स) ठेवायचा. प्रत्येक प्रकारचं एक पान घ्यायचं, लेख, लेखकाचं पान, अंकाची अनुक्रमणिका, वर्गणी, संपर्क. सगळे लेख फिरायची गरज नाही.

पण त्या निकालातून आपोआप नवी फाइल बनवू नका. फॉन्ट-फेस (फॉन्टची फाइल जोडणारा नियम), की-फ्रेम्स (हालचालींचे नियम) आणि मीडिया क्वेरीचं (पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागणाऱ्या नियमांचं) बाहेरचं वेष्टण बरेचदा न वापरलेलं म्हणून गळून जातं आणि मग मोबाइलचे नियम डेस्कटॉपवर लागायला लागतात. प्रिंटचे नियम तर कव्हरेजला दिसतच नाहीत, आणि मासिकाचे वाचक लेख छापून वाचतात हो, माझे वडील वाचतात. यादी घ्या, कात्री तुमच्या हातात ठेवा.

दुसरं, डेटाबेस. हे लोक करत नाहीत आणि वर्डप्रेसमध्ये खरा घोळ तिथेच असतो. डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेसचं कमांडलाइन टूल) डेटाबेस एका फाइलमध्ये एक्सपोर्ट करा, त्यात जिथे जिथे क्लास लिहिलेला आहे ते ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) उचला, सॉर्ट करून एकसारखे काढून टाका आणि प्रत्येक किती वेळा आलाय तो आकडा शेजारी घ्या. जो एकदाच किंवा दोनदाच आलाय तो मुद्दाम बघा, ती कोणीतरी हाताने केलेली करामत असते. ही यादी हातात आली की निम्मी भीती जाते.

तिसरं, थीममध्ये जोडून बनवलेली क्लासची नावं. पीएचपीमध्ये 'अंक-' आणि पुढे वर्ष चिकटवलं असं काही असेल तर 'अंक-२०१६' हे पूर्ण नाव कुठल्याच फाइलमध्ये सापडणार नाही आणि तुम्ही म्हणाल हा नियम मेला. मासिकाच्या थीममध्ये हे असणारच, शोधून बघा.

---

नवाकोरा

एवढा खटाटोप कशाला, टेलविंडमध्ये (सीएसएसचा दुसरा, नवा संच) नवीन थीम लिहा ना सरळ. जेवढं वापराल तेवढंच सीएसएस बनतं, व्हर्जन ३ पासून तर तेच डीफॉल्ट आहे.

---

बॅकएंडवाली

@नवाकोरा वीस वर्षांचे लेख डेटाबेसमध्ये जुन्या क्लाससकट पडलेत, ते कोण लिहिणार परत? आणि जोडून बनवलेली नावं टेलविंडलाही कळत नाहीत, ते पण फायलींमधला मजकूर वाचूनच ठरवतं. तिथेही पूर्ण नावच लिहावं लागतं नाहीतर सेफलिस्टमध्ये (काढायचे नाहीत अशा नावांच्या यादीत) टाकावं लागतं. दुखणं तेच राहतं, डॉक्टर बदलतो.

---

जावईशोध

वरच्या प्रतिसादाला +१, विशेषतः डेटाबेसवाल्या मुद्द्याला.

अर्धाचंद्र, तुमच्यासाठी मी ऑनलाइन टूलऐवजी पर्जसीएसएस सुचवेन. त्याचं काम अगदी ठोकळेबाज आहे आणि म्हणूनच मला ते आवडतं. ते पान उघडत नाही, चालवत नाही, तुम्ही दिलेल्या फायली नुसत्या मजकूर म्हणून वाचतं, त्यातले सगळे शब्द गोळा करतं आणि सिलेक्टरमधलं नाव त्या शब्दांत असेल तर नियम राहू देतं. त्यामुळे चूक झाली तर ती बहुतेक जास्त ठेवण्याच्या बाजूने होते. त्याला पीएचपीच्या टेम्प्लेट फायली द्या, थीमच्या आणि बूटस्ट्रॅपच्या जावास्क्रिप्ट फायली द्या (म्हणजे 'इन' आणि 'कोलॅप्सिंग' बचावतात कारण ते शब्द तिथे लिहिलेले आहेत), आणि बॅकएंडवालींनी सांगितलेली डेटाबेसची एक्सपोर्ट फाइल पण द्या, ती पण मजकूरच आहे, त्याला काय फरक पडतो. अंक-वर्ष वालं प्रकरण सेफलिस्टमध्ये पॅटर्नने घाला. वर्डप्रेस स्वतः टाकतं त्या क्लासची तयार सेफलिस्ट 'पर्जसीएसएस-विथ-वर्डप्रेस' नावाच्या पॅकेजमध्ये मिळते, ती जोडा.

आणि बूटस्ट्रॅपला हात लावायचा तर नियम-नियम काढू नका, अख्खे घटक काढा. बूटस्ट्रॅप ३ लेस (ज्यातून सीएसएस बनवतात ती भाषा) मध्ये लिहिलेलं आहे, मुख्य लेस फाइलमध्ये नुसत्या इम्पोर्टच्या ओळी आहेत. जम्बोट्रॉन, वेल्स, पॅनल्स, कॅरोझेल, पॉपओव्हर, प्रोग्रेस-बार, ग्लिफिकॉन यातलं तुमच्याकडे जे नाही ती ओळ कॉमेंट करा आणि परत कंपाइल करा. घटक आहे की नाही हे शोधायला सोपं असतं, घटकातला सतरावा नियम लागतो की नाही हे शोधायला अवघड. स्लायडरचं तर काहीच शोधायचं नाही, प्लगइन वापरात नसेल तर काढून टाका आणि ठेवायचंच असेल तर त्याची स्टाइल डीक्यू करा, म्हणजे पानात जोडली जाऊ देऊ नका.

---

अर्धाचंद्र

मंडळी, दंडवत. आठवडाभर हेच चाललंय.

स्लायडर गेला. बूटस्ट्रॅपचे सात-आठ घटक गेले, मेनू चालतोय. 'अंक-' आणि वर्ष खरंच निघालं, प्रत्येक वर्षाच्या अनुक्रमणिकेला वेगळा रंग होता, नुसतं कव्हरेजवर गेलो असतो तर गेल्या दोन-तीन वर्षांचे सोडून सगळे रंग उडाले असते.

पण डेटाबेसच्या यादीत एक भलतंच सापडलं. 'श्री-टेक्स्ट' नावाचा क्लास, हजाराच्या वर ठिकाणी, सगळे जुन्या लेखांमध्ये. स्टाइल फाइलमध्ये त्याला फक्त एक फॉन्ट-फॅमिली आहे आणि वर एक फॉन्ट-फेस. कव्हरेज म्हणतं लागत नाही, पपेटीअरच्या यादीतल्या एकाही पानावर लागला नाही. काढून बघितला तर त्या लेखांमध्ये देवनागरी जाऊन नुसती इंग्रजी अक्षरं, चिन्हं, वरती टिंब असलेली युरोपियन अक्षरं, काहीच्या काही कचरा दिसायला लागला. परत ठेवला तर मजकूर छान मराठीत. हे काय आहे नक्की?

---

शाईपेन

हे आमच्या काळातलं, हे मी सांगतो. युनिकोड सगळीकडे पोचायच्या आधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी अशा फॉन्टांत टाइप व्हायचा. त्या फॉन्टांना देवनागरी वगैरे काही माहीत नसायचं, इंग्रजी अक्षरांच्या आणि त्यापुढच्या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. म्हणजे साठवलेला मजकूर तुम्हाला दिसतोय तो कचराच आहे, फॉन्ट लावला की तो मराठी दिसतो एवढंच. तेव्हा वेबवर दाखवायला डायनॅमिक फॉन्ट म्हणून ईओटी फाइल जोडायचे, ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची, आणि बाकीच्या ब्राउजरवाल्यांना 'आधी आमचा फॉन्ट डाउनलोड करा' अशी पाटी. पुढे कोणीतरी तुमच्या साइटवर त्याची वॉफ (आताच्या ब्राउजरांत चालणारी फॉन्टची फाइल) करून टाकलेली दिसतेय म्हणून आजपर्यंत चाललं.

तर भाऊ, बाकी कुठलाही नियम चुकून गेला तर पान कुरूप दिसेल, हा गेला तर जुने लेख वाचताच येणार नाहीत. हा एक नियम म्हणजे तुमच्या मासिकाचं अर्काइव्ह आहे. याला आत्ता हात लावू नका.

काढायचा मार्ग सीएसएसमध्ये नाही, मजकुरात आहे. लेख युनिकोडमध्ये रूपांतरित करा, मग नियम आपोआप मरेल, मग काढा. कन्व्हर्टर मिळतात पण त्यातला प्रत्येक एका ठराविक फॉन्टसाठी असतो, कृतिदेवचा श्रीलिपीला लावलात तर नवीनच कचरा होईल, आधी तुमचा फॉन्ट नक्की कुठला ते फाइल उघडून बघा. आणि रूपांतर झालं की डोळ्याने वाचणारा माणूस लागतोच. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार बरोबर उलटा, 'सूर्य' मधला रफार जुन्या फॉन्टात 'य' च्या नंतर, युनिकोडमध्ये र आणि हलन्त 'य' च्या आधी. साधा शब्द असेल तर कन्व्हर्टर हे बरोबर फिरवतो, पण 'वर्षिक' 'मूर्तिकार' असं वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले, किंवा जोडाक्षरावर वेलांटी आली, किंवा 'दुसऱ्या' मधला र आला की गोंधळ घालतो. कवितांच्या पानांपासून सुरुवात करू नका, कवी फोन करतात.

अवांतर: एक फायदा आहे. आत्ता ते लेख गूगलला दिसतच नाहीत, त्याला तो इंग्रजी कचराच दिसतो. युनिकोड झाले की शोधात यायला लागतील. संपादकांना खर्च पटवायचा असेल तर हे सांगा, सीएसएस साफ होईल हे सांगून कोणी पैसे देत नाही.

---

थंडगार_कॅश

@शाईपेन 'वार्षिक' हो, 'वर्षिक' नव्हे. की कन्व्हर्टरने काना खाल्ला?

---

शाईपेन

:) वार्षिक. कीबोर्डने खाल्ला.

---

जावईशोध

हे श्री-टेक्स्ट प्रकरण वाचून एक पद्धत सांगायची राहिली ती आठवली. ज्या नियमांबद्दल यादीवरूनही खात्री होत नाही ना, त्यांच्यावर खूण ठेवायची. हॅरी रॉबर्ट्स नावाचा ब्रिटिश सीएसएस सल्लागार आहे, त्याने २०१८ मध्ये यावर लिहिलं होतं. संशयित घटकाच्या नियमात बॅकग्राउंड म्हणून एक पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ द्यायची, प्रत्येक संशयिताला वेगळ्या नावाची. तो नियम जगात कोणाच्याही ब्राउजरमध्ये खरोखर लागला की ब्राउजर ती प्रतिमा मागतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ उमटते. काही महिने गेले आणि एकही ओळ नाही, मग तो बहुतेक मेलेला. गंमत अशी की इथे तुम्हाला पानं शोधायची नसतात, वाचकच तुमच्यासाठी फिरतात, सगळ्या जुन्या लिंकांवरून येतात.

फक्त काही गोष्टी सांभाळा. जीआयएफ खरंच तिथे ठेवा, नसलेल्या फाइलचा पत्ता दिलात तर प्रत्येक मागणीला वर्डप्रेस जागं होऊन ४०४ चं पान बनवत बसेल. ज्या नियमात आधीच बॅकग्राउंड आहे तिथे हा डाव नको. आणि एकाच घटकावर दोन संशयित नियम लागत असतील तर जो जिंकतो त्याचीच प्रतिमा मागितली जाते, हरलेला मुकाट राहतो, म्हणून घटकाच्या सगळ्यात बाहेरच्या डब्यावर एकच खूण ठेवा. सर्व्हर आणि वाचक यांच्या मधे सीडीएन (फायलींच्या प्रती देणारे बाहेरचे सर्व्हर) असेल तर लॉग तिकडचा बघावा लागेल, तुमच्या सर्व्हरपर्यंत मागणी येणारच नाही.

---

बॅकएंडवाली

हे छान आहे, पण किती महिने ते या साइटपुरतं नीट ठरवा. दिवाळी अंकाच्या नोंदणीचं पान वर्षातून दीड-दोन महिने उघडतं ना? त्याचे नियम उरलेलं वर्ष मेलेलेच दिसणार. मार्च ते जून खुणा ठेवून जुलैत कात्री लावलीत तर ऐन सप्टेंबरात नोंदणीचा फॉर्म उघडानागडा. दिवाळी सरेपर्यंत खुणा राहू द्या. स्पर्धा, वाचक मेळावा असं वर्षातून एकदा होणारं अजून काय काय आहे ते संपादकांना विचारून घ्या, हे कुठलं टूल सांगणार नाही.

---

अर्धाचंद्र

दिवाळीपर्यंत ठेवतो खुणा, पटलं. कथास्पर्धेचं पण एक पान निघालं, निकाल जानेवारीत.

आता शेवटचा प्रश्न. कस्टम, कस्टम-न्यू आणि फायनल. यातलं मेलेलं काढूनही बरंच उरलंय आणि पर्जसीएसएस, कव्हरेज दोघंही म्हणतात सगळं वापरात आहे. पण लेखाच्या शीर्षकाला चार ठिकाणी चार रंग दिलेत आणि दिसतो फक्त शेवटचा. बाकीचे तीन वापरात कसे काय?

---

थंडगार_कॅश

कारण नियम लागतो, फक्त हरतो. टूल एवढंच बघतं की सिलेक्टरला कोणी जुळलं का. जुळल्यावर त्यातला रंग दुसऱ्या फाइलने झाकला, तर त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या साइटचा खरा कचरा हाच आहे आणि यावर बटन दाबून होणारा उपाय मला तरी माहीत नाही.

मी काय करतो, एक घटक घ्यायचा, शीर्षक म्हणा. डेव्हटूल्सच्या स्टाइल्समध्ये त्याच्यावर लागणारे सगळे नियम वरून खाली दिसतात, हरलेल्या ओळींवर काट मारलेली असते. जिंकलेल्या ओळी एका नवीन फाइलमध्ये एकाच नियमात लिहायच्या आणि जुन्या चारी ठिकाणांहून त्या शीर्षकाच्या ओळी काढायच्या. मोबाइलच्या रुंदीला परत तेच बघायचं, कारण तिथे कदाचित दुसराच जिंकत असेल. फायनलमध्ये इम्पॉर्टंट (बाकीच्या नियमांना हरवायला ओळीला लावलेली खूण) भरपूर असणार, ते असेच आलेत, आधीच्याशी भांडायला. भांडणारा गेला की तो पण काढता येतो.

जुन्या तीन फायली एका लेयरमध्ये (सीएसएसच्या नियमांचा वेगळा थर) टाकून नवी फाइल लेयरबाहेर ठेवलीत तर काम अजून सोपं होतं. कॅस्केड लेयर २०२२ पासून तिन्ही मोठ्या ब्राउजरांत आहेत. लेयरबाहेरचा साधा नियम आतल्याला हरवतो, सिलेक्टर कितीही मोठा असला तरी. फक्त इम्पॉर्टंट असेल तर हा हिशोब उलटा होतो, आतला जिंकतो, म्हणून आधी ते उपसा. आणि जुने फोन वापरणारे वाचक बरेच असतील तर हे सोडा, त्यांना लेयरमधलं काहीच दिसणार नाही.

---

बॅकएंडवाली

आणि प्रत्येक घटकाला गिटमध्ये वेगळा कमिट, म्हणजे तीन महिन्यांनी कोणी तक्रार केली तर तेवढंच मागे घेता येईल. मोडलं का हे डोळ्याने बघू नका, बॅकस्टॉपजेएस लावा, ठरवलेल्या पानांचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट घेऊन फरक गुलाबी रंगात दाखवतं. यादीत श्री-टेक्स्टवाला एक जुना लेख, अंक-२०१६ ची अनुक्रमणिका आणि ४०४ चं पान नक्की टाका.

लाइव्हवर चढवताना स्टाइल फाइलचा व्हर्जन नंबर बदला आणि कॅशिंग प्लगइनची पानं रिकामी करा. नाहीतर कॅशमधलं जुनं एचटीएमएल आणि नवीन सीएसएस अशी जोडी वाचकाला मिळते, त्याला पान मोडलेलं दिसतं आणि तुम्हाला तुमच्या मशीनवर सगळं ठीक दिसतं, मग दिवसभर फोनवर 'एकदा रिफ्रेश करून बघा ना'.

---

अर्धाचंद्र

कॅश रिकामी करायचं लिहून ठेवलं. शीर्षकापासून सुरू करतोय, वर्गणीचं बटन त्याच्या मागोमाग.